चिखलावर चालणारी माकूल

माझ्या नवऱ्याने परसात ती गाडी बांधायला घेतली तेव्हा मी तिच्या पूर्ण विरोधात होते, हे आधीच सांगून टाकते. पुढे जे घडलं त्यानंतर गावात असं बोललं जातं की आम्हा दोघांना म्हणे पहिल्यापासून ठाऊक होतं, ही गाडी कधीतरी कामाला येणार. मला काहीही ठाऊक नव्हतं. मला फक्त माझं परस परत हवं होतं.

माझं माहेर वाणगावकडचं, मिरचीच्या शेतांतलं. लग्न होऊन नवापूरजवळच्या या मच्छीमार गावात आले तेव्हा समुद्राची भीती वाटली नाही, गाळाची वाटली. गावासमोर खाडी समुद्राला मिळते. ओहोटीला पाणी लांब जातं आणि मागे काळा, चकाकणारा गाळ उघडा पडतो, नजर पोचेल तिथपर्यंत. मध्ये मध्ये खडकांच्या रांगा, आणि त्या खडकांना चिकटलेली कालवं. गावातल्या बायका कोयती आणि टोपली घेऊन कालवं काढायला तिथे जातात. सासूबाई साठी ओलांडली तरी जात होत्या. मी एकदाच त्यांच्याबरोबर गेले, गुडघ्यापर्यंत रुतले, आणि दोघींनी ओढलं तेव्हा बाहेर आले. तेव्हापासून किनाऱ्यावर थांबून टोपल्या उतरवून घ्यायचं काम मी पत्करलं.

नवरा फिटर. बोईसरच्या एका कारखान्यात पाइपांचं काम करतो. मध्यंतरी एका ठेकेदारामार्फत तो रशियाला जाऊन आला, अगदी वरच्या अंगाला, गॅसच्या पाइपलाइनवर. दोन हिवाळे तिथे काढले. येताना माझ्यासाठी एक जाड लोकरीची शाल आणली, जी आमच्या हवेत आजतागायत अंगावर घेता आलेली नाही, आणि फोनमध्ये गाड्यांचे शेकडो फोटो. माणसांचे फोटो मोजून चार-पाच.

तो सांगायचा, तिथे रस्ता म्हणून काही नाहीच. हिवाळ्यात बर्फ कडक झालं की त्यावरून ट्रक जातात, तोच रस्ता. बर्फ वितळलं की मैलोन्‌मैल दलदल. मग तिथल्या लोकांनी रस्त्याचा नाद सोडून गाड्याच तशा केल्यात. एक करडी व्हॅन होती, पावाच्या लादीसारखी चौकोनी. तिच्या इंजिनाखाली रोज सकाळी स्टोव्हसारखी ज्योत धरायची, मग ती खोकत खोकत चालू व्हायची. दुसरी सहा चाकांची, एकेक चाक माणसाच्या छातीपर्यंत उंच. त्या चाकांत हवा इतकी कमी की हाताने दाबलं तर दबायची. त्यामुळे गाडीचा भार पसरायचा आणि ती दलदलीवरून अलगद जायची. पाण्यात गेली तर तरंगायची.

एकदा नदी ओलांडताना त्यांच्या गाडीखालचं बर्फ फुटलं. गाडी पाण्यात गेली. नवरा दार उघडून उडी मारायला निघाला, तर चालवणाऱ्या म्हाताऱ्या मेकॅनिकने त्याच्या छातीवर हात ठेवून त्याला बसवलं. चाकं पाण्यात फिरत राहिली, गाडी तरंगत पलीकडे लागली आणि काठ चढून वर आली. हे त्याने मला तीन-चार वेळा सांगितलं, दर वेळी त्याच शब्दांत. त्या मेकॅनिकने स्वतःसाठी घरीच एक छोटी गाडी बांधली होती, ट्रॅक्टरच्या ट्यूबांची आणि जुन्या मोटरसायकलच्या इंजिनाची. अशा घरगुती गाड्यांना तिथे कराकात म्हणतात. कराकात म्हणजे माकूल. आपण खातो ती माकूल, जाळ्यात येणारी, मऊ, बिनकाट्याची.

"त्याने आयुष्यात माकूल बघितली नव्हती," नवरा हसून सांगायचा. "मी फोटोत दाखवली. तो म्हणे, अरे, ही अशी दिसते होय."

घरी आल्यावर महिन्याभरात भंगारातून रिक्षाचं एक इंजिन आलं. मग पाइप आले, साखळ्या आल्या, ट्रॅक्टरच्या चार मोठ्या ट्यूबा आल्या. सुट्टीच्या दिवशी सकाळपासून वेल्डिंगचा आवाज. आठ महिन्यांनी परसात एक वस्तू उभी राहिली, जिला गाडी म्हणायला जीभ वळत नव्हती: चार काळ्या फुगलेल्या ट्यूबा, त्यांवर पट्टे आवळलेले, वर पाइपांचा सांगाडा, फळ्यांची बैठक, मागे इंजिन आणि पुढे रिक्षाचं हँडल. गियर हँडलातच, डाव्या हाताने मुठीसारखा फिरवायचा. चालू करायला शेजारचा दांडा ओढायचा. गावाने नाव ठेवलं माकूल.

नवऱ्याला चाकं बाहेरून बघायची असायची, म्हणून हँडलवर मला बसवायचा. मी परसात आणि पुढे वाळूवर ती पहिल्या गियरवर चालवली असेल दहा-बारा वेळा. दर वेळी तो बाजूने चालत एकच सांगायचा, "जोर देऊ नको. ती हळूच जाते. जोर दिलास की खड्डा करते."

मग एके दिवशी तो स्वतः ती किनाऱ्यावर घेऊन गेला. वळताना हँडल अडकलं आणि माकूल शेजारच्या काकींच्या बोंबील वाळवायच्या बांबूंमध्ये घुसली. बांबू मोडले, अर्धे सुकलेले बोंबील वाळूत गेले. काकींनी तिथेच तोंड सोडलं. त्यांचे यजमान म्हणजे जुने तांडेल, बोटीवरचे मुख्य. गुडघ्यामुळे आता समुद्रावर जात नाहीत, पण गावात त्यांचा शब्द चालतो. त्यांनी बैठक बोलावली. नवऱ्याने सगळ्यांसमोर माफी मागितली, बांबू स्वतः बांधून दिले. तरी काकी बोलायच्या थांबल्या नाहीत. "रशियात भांडी घासायला गेला होता का कारखान्यात, कोन बघायला गेलाय," असं त्या भर बैठकीत म्हणाल्या. लोक हसले. माकूल पुन्हा किनाऱ्यावर आणायची नाही असं ठरलं.

नवऱ्याने तिला परसात नेऊन वर ताडपत्री टाकली. त्यानंतर महिनोन्‌महिने तो तिच्याकडे वळला नाही. मला परस अर्धं परत मिळालं, पण घरात तो गप्प असायचा, आणि काकी समोरून गेल्या की मी तोंड फिरवायची. सासूबाई मात्र काकींबरोबर पूर्वीसारख्याच कालवांना जायच्या. मला ते खुपायचं. एकदा बोलले तशी त्या म्हणाल्या, "भांडन किनाऱ्यावर. गाळात नाय."

ती सकाळ पौर्णिमेनंतरच्या तिसऱ्या दिवसाची. उधाणाचे दिवस, म्हणजे ओहोटीला पाणी खूप लांब जातं आणि भरतीला तितकंच वेगाने परततं. बायका उजाडतानाच गेल्या होत्या. नवरा पहिल्या पाळीला बोईसरला गेलेला. गावातले पुरुष बोटींवर. आठच्या सुमाराला मी भांडी लावत होते, तर तांडेल काका आमच्या अंगणात आले. त्या बैठकीनंतर आमच्या घरी ते पहिल्यांदाच येत होते. धाप लागली होती.

"सूनबाय, तुला ती गाडी चालवता येते काय?"

मी विचारलं, काय झालं. बाकीच्या बायका परतल्या होत्या. पाणी फिरलं तशा सगळ्या निघाल्या, आणि वाटेत काकींचा पाय खडकाच्या फटीत गेला. फट वरून दिसत नव्हती, गाळाने भरलेली. मांडीपर्यंत आत गेल्या. पाय मुरगळला की मोडला कळेना. चौघींनी ओढून बघितलं, निघेना. पाणी यायला लागलं तशा त्या मदत आणायला धावल्या.

"होडी?" मी विचारलं.

"होड्या गाळात बसल्यात. पानी त्यांच्यापाशी यायला तास लागंल. आन्‌ तिथं तास नाय."

मी उभीच राहिले. आता जे लिहिते आहे ते त्या वेळी कुणाला दिसलं नसेल. माझ्या मनात पहिल्यांदा काकी आल्या, बैठकीत हात नाचवत बोलणाऱ्या. आणि मी काकांना म्हणाले, "पण गाडी किनाऱ्यावर आणायची नाही असं तुम्हीच ठरवलंत ना."

काका रागावले नाहीत. ते फक्त म्हणाले, "तुझी सासू पन तिथंच हाय. सोडून येत नाय म्हनते."

मी ताडपत्री ओढली.

चार ट्यूबांपैकी तीन नुसत्या मऊ झाल्या होत्या, चौथी पार बसलेली. मी नवऱ्याला फोन लावला. पाळीवर असताना त्यांचे फोन कपाटात असतात हे ठाऊक होतं, तरी लावला. मग गेटवर लावला. वॉचमन म्हणाला, "मैडम, अंदर काम चालू है, मैं आदमी भेजता हूँ." मी फोन चालू ठेवूनच पायपंप शोधला आणि चौथ्या चाकाला लावला. काका हाताने ट्यूब धरून होते. पंप मारता मारता माझ्या डोळ्यांसमोर अंधारी येत होती. पाच-सात मिनिटं गेली असतील. मग फोनवर नवऱ्याचा आवाज आला.

मी सांगितलं. 

"मी निघतो," तो म्हणाला. "पन मला यायला वेळ लागंल. तू ऐक. बाकीच्या चाकांत हवा भरू नको. मऊ हायत तेच बरं हाय. चौथं पन कडक करू नको. दाबलं की पाव दाबल्यासारखं वाटलं पायजे. पेट्रोलचा कॉक उघड. आन्‌ दोर घे."

"मला जमेल का?"

"जोर देऊ नको," तो म्हणाला. फोन बंद झाला.

दांडा ओढला. काही नाही. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. काकांनी एकदा ओढला, त्यांचा गुडघा वाकला आणि ते खाली बसले. पुन्हा मी. सहाव्या की सातव्या वेळी इंजिनाने धूर सोडला आणि चालू झालं. काका दोर आणि लांब बांबू घेऊन माझ्या शेजारी फळीवर चढले. घरांमधून निघालो तेव्हा परतलेल्या बायका चिखलाने माखलेल्या अंगांनी वाटेवर उभ्या होत्या. एकीने वाटेतली टोपली उचलून बाजूला केली.

वाळू संपली आणि गाळ सुरू झाला तिथे माझे हात आपोआप थांबले. काका म्हणाले, "चल." मी चालले. पुढची चाकं गाळावर चढली, दबली, पसरली, आणि रुतली नाहीत. मी खाली बघत होते. ज्या गाळाने मला गुडघ्यापर्यंत गिळलं होतं त्यावर चार बोटं खोल खूण उमटत होती, बस्स. माणूस चालतो तेवढाच वेग. मला पळवाविशी वाटत होती. एकदा उजव्या हाताची मूठ पिळून जोर दिलाच, तशी मागची चाकं जागीच फिरली, चिखल काकांच्या पाठीवर उडाला आणि गाडी एका बाजूला कलली. मी हात सैल सोडला. ती सावरली.

काका बांबूने वाट दाखवत होते. "त्या काळ्यावरून नको, इकडं करड्यावरून घे. डावीकडं. तिथं खडक हाय, ट्यूब कापंल." चाळीस वर्षं त्यांनी हा गाळ वाचला होता. त्यांचा आवाज शांत होता. दूर पाण्याची रेघ दिसत होती. आधी ती रेघ होती. मग तिला रुंदी आली. मग खडकांच्या फटींतून पाण्याच्या जिभा आमच्या बाजूला सरकताना दिसल्या.

आम्ही पोचलो तेव्हा तिथे घोटाभर पाणी होतं. काकींचा एक पाय मांडीपर्यंत खाली होता, दुसरा पाय दुमडून गाळावर पसरलेला, धड पुढे झुकलेलं. सासूबाईंनी कालवांची टोपली उलटी करून त्यांच्या छातीखाली सरकवली होती आणि स्वतः गाळात बसून त्यांना मागून धरलं होतं. काकींचे ओठ निळसर दिसत होते. आम्हाला बघून सासूबाई एवढंच म्हणाल्या, "बांबू आन इकडं."

काकांना दोर बांधून गाडीने ओढायचं होतं. त्यांनी दोर काकींच्या काखेतून घेतलासुद्धा. सासूबाईंनी त्यांचा हात धरला. "पाय खडकात हाय. ओढलंस तर पाय तिथंच राहील."

पाणी पोटरीला लागलं. सासूबाई बांबू काकींच्या पायाशेजारून गाळात खुपसत होत्या आणि हलवत होत्या, म्हणजे पाणी आत जाईल आणि गाळ सैल होईल. काकी दात आवळून कण्हत होत्या. प्रत्येक वेळी पाय थोडा हलायचा आणि गाळ पुन्हा मिठी मारायचा.

मी गाडीजवळ उभी होते. तेव्हा मला जाणवलं की माझ्या पाठीला लागलेला पाइप वर सरकतोय. मागचं चाक उचललं जात होतं. गाडी तरंगायला लागली होती.

नवऱ्याने सांगितलेली नदीची गोष्ट मला त्या क्षणी आठवली असं म्हणता येणार नाही. मी फक्त बघितलं की पाणी गाडीला वर उचलतंय, हळूहळू, अजिबात झटका न देता. मी काकांना म्हणाले, "दोर गाडीला बांधूया. इंजिन नाही लावायचं. पाणीच वर घेईल."

काका माझ्याकडे बघून लगेच समजले. बोटीवरचा माणूस. त्यांनी काकींच्या काखेखाली पदराची घडी घातली, दोर त्यावरून घेतला आणि सांगाड्याला ताणून गाठ मारली. मला म्हणाले, "तू पलीकडं बस. नायतर कलंडंल." मी पलीकडच्या काठावर जाऊन बसले, मागे झुकून. तेही चढून माझ्या शेजारी आले. सासूबाई खालीच राहिल्या. एका हाताने काकींची हनुवटी, दुसऱ्या हाताने बांबू.

मग थांबायचं. आयुष्यात मी इतका वेळ कधी थांबले नाही. पाणी काकींच्या कमरेला, पोटाला, छातीला. दोर तारेसारखा ताठ झाला. गाडी त्यांच्या बाजूला कलू लागली आणि आम्ही आणखी मागे झुकलो. काकी एकदा म्हणाल्या, "सोडा आता." त्यांच्या यजमानांनी पलीकडून उत्तर दिलं, "गप ऱ्हा." एवढंच. पाणी त्यांच्या गळ्याशी आलं. लाट आली की तोंडावरून जायची, सासूबाई त्यांचं डोकं मागे ओढून धरायच्या. सासूबाईंच्याही आता छातीच्या वर पाणी होतं आणि त्यांना पोहता येतं की नाही हे मला ठाऊक नव्हतं. इतक्या वर्षांत कधी विचारलंच नव्हतं.

तेव्हा खालून एक आवाज आला, चिखलातून पाय काढताना येतो तसा, पण मोठा. गाडी हिसका बसून आमच्या बाजूला आली. काकी ओरडल्या आणि वर आल्या, आडव्या, पाण्यावर.

त्यांना फळीवर ओढून घेताना पाऊल वेडंवाकडं फिरलेलं दिसलं. मी तिकडे पुन्हा बघितलं नाही. सासूबाईंना आम्ही हाताने वर घेतलं. चौघं जण त्या फळ्यांवर, आणि खाली जमीन नाही. मी दांडा ओढला. इंजिनात पाणी गेलं होतं. दोनदा, चारदा, दहादा. भरतीची ओढ आम्हाला खाडीत आत नेत होती. एका खडकावरून जाताना एका चाकातून हवा जाण्याचा आवाज सुरू झाला आणि तो कोपरा हळूहळू खाली जाऊ लागला.

"ऱ्हाऊ दे इंजिन," काका म्हणाले. त्यांनी बांबू घेतला आणि उभे राहिले, त्या गुडघ्यावर. "आता ही होडीच हाय." ते बांबू तळाला टेकवून आम्हाला ढकलू लागले. मी फुटलेल्या कोपऱ्यावर काकींच्या छातीखालून वर आलेली चेपलेली टोपली दाबून धरली. त्याचा काही उपयोग नव्हता, पण हाताला काम हवं होतं. असे आम्ही तिवरांच्या झाडांच्या कडेला लागलो, गावापासून बरंच आत. तिथे कमरेभर पाण्यातून कुणीतरी आमच्याकडे येत होतं. कारखान्याच्या निळ्या कपड्यांत, बुटांसकट. नवरा होता. त्याने आधी आईला बघितलं, मग मला, मग काकींना पाठीवर घेतलं.

काकींचं घोट्याचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. बोईसरच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. आजही त्या थोड्या लंगडतात. सासूबाईंना चार दिवस ताप होता. मला काही झालं नाही. फक्त हाताचे तळवे हँडलच्या मुठीने सोलवटले होते आणि आठवडाभर झोपेत मी पंप मारत होते, असं नवरा सांगतो. तो त्या दिवसाबद्दल जास्त बोलला नाही. एकदाच म्हणाला, "मी तिथं असतो तर इंजिन लावून ओढलं असतं."

गावात पुन्हा बैठक झाली. तांडेल काकांनीच बोलावली. भाषण वगैरे कुणी केलं नाही. माकूल किनाऱ्यावरच्या शेडमध्ये ठेवायची, पेट्रोल भरून ठेवायचं आणि बायका कालवांना जातील त्या दिवशी जो घरी असेल त्याने ती बाहेर काढायची, एवढं ठरलं. नवऱ्याने चाकांवर आग विझवायच्या जुन्या पाइपाचे पट्टे आवळले, खडकाने कापू नये म्हणून.

प्लास्टर निघायच्या आधी मी काकींना भेटायला गेले होते. भाकरी आणि कालवांचं कालवण घेऊन. घरात दुसरं कुणी नव्हतं. त्यांनी दोन घास खाल्ले आणि सरळ विचारलं, "आमचे हे सांगत होते, तू आधी थांबली होतीस. सासू नसती तिथं, तर आली असतीस काय?"

खोटं बोलता आलं असतं. त्यांनाही ते आवडलं असतं असं मला वाटतं. मी म्हणाले, "आले असते असं मला वाटतं, काकी. पण खात्रीने नाही सांगता येत."

त्यांनी भाकरी कालवणात बुडवली. मग म्हणाल्या, "गाडी येताना दिसली तवा मी तुझ्या सासूला म्हनाले, मला नाय बसायचं तिच्यात. पानी घोट्याला लागलं होतं तवा हे बोलले मी." त्या हसल्या नाहीत, मीही नाही. ताट धुवायला मी उठले तर त्यांनी ते माझ्याकडे दिलं, हे आमच्या दोघींत पहिल्यांदाच.

आता ओहोटीच्या सकाळी बहुतेक वेळा माकूल मीच काढते, कारण पुरुष बोटींवर किंवा पाळीवर असतात. भीती गेलेली नाही. वाळू संपते त्या जागी माझे हात अजून थांबतात आणि मग चालतात. बायका टोपल्या फळ्यांवर टाकतात, दमलेली एखादी बसते. सासूबाई बसत नाहीत. त्या पुढे चालतात, साडी गुडघ्यापर्यंत खोचून, आणि मधूनच मागे न बघता हात वर करून दाखवतात की इकडून ये. मी पहिल्या गियरवर त्यांच्या मागून जाते.